युट्रेख्त की लायडन? जुन्या खंदकाकाठच्या दोन बागांची तुलना

नेदरलँड्सच्या प्रवासात एकच दिवस मोकळा आहे आणि तट, बुरूज, खंदक यांची आवड आहे, अशा माणसाची निवड बहुधा युट्रेख्त आणि लायडन या दोन शहरांपाशी येऊन अडते. दोन्हीकडे जुन्या गावाभोवतीचा खंदक आजही पाण्याने भरलेला आहे आणि तटाच्या जागी बाग आहे. दोन्हींचा पूर्ण फेरा साधारण सहा किलोमीटरचा. दोन्हीकडे बाग बघायला तिकीट नाही. किल्ला म्हणून बघायचं असेल तर आम्ही युट्रेख्त सुचवू. लायडन कुणी निवडावं, ते पुढे येईलच.

इथे उंच दगडी तट मिळणार नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. तोफा सुधारल्या तशा उंच, अरुंद भिंती निरुपयोगी ठरल्या. गोळा मातीत रुतून बसतो, विटांच्या भिंतीला मात्र भगदाड पाडतो. म्हणून या शहरांनी मातीचे बुटके, रुंद तट घातले, त्यातून बाहेर झेपावणारे बुरूज काढले आणि पुढे रुंद खंदक ठेवला. एकोणिसाव्या शतकात हे सगळं लष्कराच्या उपयोगाचं राहिलं नाही, तेव्हा प्रश्न उरला तो प्रचंड मातीचा. ती दूर वाहून नेण्यापेक्षा जागच्या जागी उतार करून त्यावर झाडं लावणं सोपं आणि स्वस्त होतं. हा मुलूख इतका सपाट आहे की खंदकाच्या आतल्या बाजूला टेकाड दिसलं तर ते माणसानेच रचलेलं, आणि बहुतेक वेळा तो बुरूजच असतो. दुसरी खूण पाण्याची. एखाद्या पुलावर उभं राहून गावाच्या बाजूचा काठ न्याहाळा. तो जिथे पाण्यात पुढे घुसलेला दिसतो, तिथे बुरूज होता. नकाशात उपग्रहचित्र उघडून हे नागमोडी वळण आधी बघून गेलात तर प्रत्यक्षात काहीच चुकत नाही.

फेरा कसा घालावा? देवळाला प्रदक्षिणा घालतो तसा. म्हणजे गाव उजव्या हाताला आणि पाणी डाव्या हाताला. बहुतेक लोक चुकतात ते इथेच. खंदकाच्या बाहेरच्या काठाने रस्ता जातो, नकाशावर तोच ठळक दिसतो आणि पावलं तिकडे वळतात. मग सहा किलोमीटर चालूनही पदरात पडतं ते पलीकडच्या झाडीचं दर्शन आणि सायकलींची घंटा. दोन्ही शहरांत बाग प्रामुख्याने आतल्या काठावर आहे.

युट्रेख्त

1122 साली शहराला सनद मिळाली आणि त्या सुमारास खंदकाचं काम सुरू झालं. सोळाव्या शतकात सम्राट पाचव्या चार्ल्सच्या काळात दक्षिण आणि पूर्व बाजूला नव्या पद्धतीचे भक्कम बुरूज उभे राहिले. 1830 च्या दशकापासून तट उतरवायला सुरुवात झाली आणि बागेचा आराखडा यान डेव्हिड झोखर या उद्यानरचनाकाराने केला. त्याने खंदकाच्या सरळ कडा मोडून त्यांना वळणं दिली, वाटा पाण्याजवळ आणल्या, मध्येच झाडीआड नेल्या. म्हणूनच चालताना पुढचा पूल एकदम समोर येतो, लांबून दिसत नाही. या हिरव्या पट्ट्याला आज झोखरपार्क म्हणतात.

सगळ्यात पाहण्यासारखा बुरूज आग्नेयेचा सोनेनबोर्ख. तो 1552 चा आहे आणि त्याच्यावर चक्क वेधशाळा बसली आहे. हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलटने 1854 मध्ये नेदरलँड्सची राष्ट्रीय हवामानसंस्था इथेच सुरू केली. वाऱ्याची दिशा आणि हवेचा दाब यांचा संबंध सांगणारा त्याच्या नावाचा नियम भूगोलाच्या पुस्तकात अनेकांनी वाचला असेल. आत आता संग्रहालय आहे आणि बुरुजाच्या पोटातलं जुनं विटांचं बांधकाम तिथे जवळून बघता येतं. बाहेरून फिरणाऱ्याला इथे फक्त झाडीतली इमारत दिसते. बुरुजाची जाडी कळायला आत जावंच लागतं, त्यासाठी तिकीट आहे. ते रोज उघडं असेलच असं धरून चालू नका. वेळा बघूनच दिवस ठरवा, कारण हे बंद असेल तर युट्रेख्तचा निम्मा मुद्दा हातचा जातो. हिवाळ्यात संध्याकाळी आकाशदर्शनाचे कार्यक्रम असतात, त्यांची नोंदणी आधी करावी लागते.

बाकी बुरूज ओळखायचे तर त्यांच्यावर काय बांधलंय ते बघत जायचं. ईशान्येच्या लुकासबोल्वेर्कवर वास्तुकार डुडॉकने बांधलेलं 1941 चं नाट्यगृह आहे. उत्तरेच्या वोल्वेनबुर्गवर एकोणिसाव्या शतकातला तुरुंग उभा आहे, तो आता बंद पडलाय. पूर्वेचं लेपेलेनबुर्ग हे मोकळं मैदान आहे. उन्हाच्या दिवशी अर्धं शहर तिथे लोळत असतं, त्यामुळे शांतता हवी असेल तर सकाळी दहाच्या आत गाठा.

पश्चिमेचा भाग मात्र वेगळ्याच कारणासाठी चालावा. 1970 च्या सुमारास शहराने इथला खंदक बुजवला आणि त्यातून मोटारींचा खोलगट रस्ता नेला. 2002 मध्ये नागरिकांनी मतदान करून तो निर्णय फिरवला, आणि 12 सप्टेंबर 2020 ला पाण्याचं कडं पुन्हा पूर्ण झालं. इथली झाडं तरुण आहेत, काठ नवे आहेत, एका ठिकाणी तर पाणी बाजारसंकुलाच्या खालून जातं. सौंदर्यात हा तुकडा पूर्वेच्या पासंगालाही पुरत नाही. पण बुजवलेला खंदक परत खणता येतो, हे डोळ्यांनी बघण्याची संधी फार कमी ठिकाणी मिळते, आणि आपल्याकडच्या कचऱ्याने भरलेल्या खंदकांची हळहळ वाटणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी.

वसंतात गेलात तर उत्तरेला वेर्डस्लाउस या जलद्वारापाशी थांबा. मासे अंडी घालायला वरच्या दिशेने निघतात, पण त्या दिवसांत होड्या कमी म्हणून दार फारसं उघडत नाही आणि मासे तुंबतात. त्यावर उपाय म्हणून पाण्याखाली कॅमेरा लावला आहे. इंटरनेटवरून मासे दिसले की कुणीही घंटेचं बटण दाबायचं. मग दार उघडलं जातं.

वेळ कमी असेल तर लुकासबोल्वेर्कपासून दक्षिणेच्या टोल्स्टेख पुलापर्यंतचे दोनेक किलोमीटर चाला आणि उरलेलं खुशाल सोडा.

लायडन

लायडन सतराव्या शतकात कापडाच्या व्यापारावर वाढत गेलं, तसा खंदकही बाहेर सरकत गेला. 1659 च्या वाढीनंतर त्याला आजचा आकार आला. आठ वेशींपैकी दोन उरल्या आहेत, पूर्वेची झाइलपोर्ट 1667 ची आणि पश्चिमेची मोर्सपोर्ट 1669 ची. दोन्ही विलेम व्हान डर हेल्म याने बांधल्या. इथे बुरुजांची कल्पना करावी लागते, पण वेशीतून मात्र खरोखर चालत गावात शिरता येतं. युट्रेख्तमध्ये हे सुख नाही, तिथली एकही वेस शिल्लक नाही.

इथला पार्क, सिंगेलपार्क, ही एकाच माणसाने आखलेली बाग नाही. एकोणिसाव्या शतकातली उद्यानं, जुनं दफनस्थान, कारखान्यांच्या मोकळ्या झालेल्या जागा असे तुकडे होते. ते नव्या पुलांनी आणि वाटांनी एकमेकांना जोडून गेल्या दशकात सलग फेरा तयार केला. नागरिकांनी त्यासाठी जोर लावला, आणि कित्येक वाफे आजही स्वयंसेवक राखतात. त्यामुळे दर पाचशे मीटरला रूप बदलतं. दक्षिणेचं प्लांटसून दाट आणि जुनं, तर उत्तरेचा पट्टा उघडा आणि अजून वाढीला लागलेला. उन्हाळ्यात भर दुपारी उत्तरेला सावली शोधावी लागते.

तटावर पवनचक्क्या का असायच्या, ते लायडनमध्ये चटकन समजतं. गावातली घरं वारा अडवतात, तटाची उंची तो मिळवून देते. स्टेशनजवळची 1743 ची डी फाल्क आज संग्रहालय आहे. तिच्या अरुंद, उभ्या जिन्यांनी वर जाता येतं. गुडघे दुखत असतील तर मोह टाळा. मोर्सपोर्टशेजारची डी पुट ही 1987 मधली प्रतिकृती आहे. चित्रकार रेम्ब्रांटचे वडील चक्कीवाले होते आणि 1606 मध्ये त्याचा जन्म याच कोपऱ्यात, तटाला लागून झाला.

नैर्ऋत्येला 1590 चं विद्यापीठाचं वनस्पती उद्यान थेट खंदकाला टेकलेलं आहे. त्याला तिकीट आहे, म्हणून फुकट फेरा घालणाऱ्यांना इथे वळसा पडतो. एप्रिल-मेमध्ये वळसा घालू नका, तिकीट काढून आत जा. ट्युलिप हे फूल या देशात रुजलं ते वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियसने इथे केलेल्या लागवडीतून.

कुणी काय निवडावं

अ‍ॅमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळावर सहा-सात तासांचा थांबा असेल तर लायडन. तिथून रेल्वेने वीसेक मिनिटांत पोचता आणि स्टेशनपासून खंदक चालत पाच-सात मिनिटांवर आहे. लहान मुलं बरोबर असतील तरी लायडनच, कारण चक्की, वेस, काचघर असं काहीतरी सतत हाताशी येत राहतं. अ‍ॅमस्टरडॅममध्ये मुक्काम असेल आणि पूर्ण दिवस असेल तर युट्रेख्त. गाडीला अर्धा तासही लागत नाही. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात तर दुसरा विचारच नको, झोखरपार्कमधले जुने वृक्ष तेव्हा रंगावर असतात. 3 ऑक्टोबरला लायडन 1574 च्या स्पॅनिश वेढ्यातून सुटकेचा उत्सव करतं. जत्रा आवडत असेल तर जरूर जा, तटाची वाट निवांत चालायची असेल तर तो दिवस टाळा.

पाण्यातून फेरा दोन्हीकडे होतो. कयाक किंवा छोटी विजेवरची होडी भाड्याने मिळते. बुरुजांचा आकार होडीतून जास्त स्पष्ट कळतो, कारण काठ डोळ्याच्या पातळीला येतो. वल्ही मारायची सवय नसेल तर पूर्ण फेऱ्याचा हट्ट धरू नका. वारा समोरून आला की वेळ दुप्पट लागतो.

दोन्हीकडे बागेत स्वच्छतागृहांची वानवा आहे, ती सोय स्टेशनवर पैसे देऊन किंवा एखाद्या कॅफेत उरकून घ्या. लालसर डांबराची पट्टी सायकलींची असते, फोटोसाठी तिच्यावर थबकू नका. पावसानंतर काठाजवळचा उतार निसरडा होतो, तेव्हा बुरुजाच्या टेकाडावर गवतातून चढण्यापेक्षा आखलेली वाट धरा. रेल्वेत संपर्करहित बँककार्ड टेकवून जाता येतं, पण उतरल्यावर पुन्हा टेकवायला विसरलात तर जादा रक्कम कापली जाते. प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं, दोघांत एक चालत नाही.

आणि हे सगळं वाचूनही मन तटावरच अडलं असेल, बाग नकोच असेल, तर दोन्ही सोडून नार्डेनला जा. सहा बुरूज, दुहेरी खंदक आणि चांदणीच्या आकाराचा मातीचा तट तिथे जागेवर आहे. स्टेशन गावापासून दूर असल्याने बस किंवा अर्ध्या तासाची पायपीट तेवढी धरून ठेवा.