शेंडे वाळणाऱ्या झाडाला पाणी: आळं की ठिबकणारा कॅन?

रस्त्याकडेला लावून दोन वर्षं झालेल्या कडुनिंबाचे, करंजाचे शेंडे एप्रिलमध्ये वाळू लागले की हा प्रश्न येतोच. आधी नखाने फांदी खरवडा. सालीखाली हिरवं दिसलं तर जीव आहे. तपकिरी, ठिसूळ असेल तर तेवढा भाग गेला, हिरव्यापर्यंत छाटा.

पाणी मुरणं: खरी मेख इथेच. पावलांनी, दुचाकींनी दाबून फुटपाथलगतची माती दगड होते. आळ्यात दोन बादल्या भसकन ओतल्या तर बरंचसं पाणी गटाराकडे पळतं, उरलेलं वरच्या चार बोटांतच राहतं. मग मुळंही वरच राहतात आणि मेच्या उन्हात भाजतात. 20 लिटरच्या कॅनला तळाशी तापल्या सुईने भोक पाडलं, की तेच पाणी थेंबथेंब खोल उतरतं. कॅन बुंध्याला न चिकटवता वीतभर लांब ठेवा.

खर्च: दोन्ही जवळपास फुकट. कॅन मात्र चोरीला जातो. तारेने झाडाभोवतीच्या जाळीला बांधा.

मेहनत: कॅनचं भोक गाळाने बुजतं. तोंडाला फडकं बांधलं तर कचरा आणि डास दोन्ही टळतात. आळ्यात पालापाचोळा तीन-चार बोटं पसरावा लागतो, नाहीतर ऊन सगळी ओल ओढून घेतं. पावसाळ्यात आळं मोडायचं, तुंबलेल्या पाण्याने मुळं कुजतात.

रोज कुणी फिरकणार नसेल आणि रोप तीन वर्षांच्या आतलं असेल, तर कॅन. मोठ्या झाडाला कॅन म्हणजे दाढेखाली तीळ; त्याला फांद्यांच्या घेराच्या कडेखाली रुंद आळं, आठवड्यातून एकदा सावकाश भरलेलं.