पॅरिस शांतता परिषदेचे १३ खंड ऑनलाइन, फुकट: कुठून सुरुवात करायची आणि गाडी कुठे अडते

अमेरिकी परराष्ट्र खात्याचं इतिहास कार्यालय पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये भरलेल्या पॅरिस शांतता परिषदेची कागदपत्रं आपल्या संकेतस्थळावर फुकट वाचायला देतं. एकूण १३ खंड आहेत. छापील आवृत्ती १९४२ ते १९४७ दरम्यान निघाली होती, आता तीच पडद्यावर आली आहे. वर्गणी नाही, नावनोंदणी नाही, पूर्ण मजकुरात शोध घेता येतो. या परिषदेतून जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहाबद्दल 'चौदा मुद्दे, विल्सनचा आदर्शवाद, क्लेमांसोचा सूड' एवढ्यावर ज्याचं समाधान होत नाही, त्याच्यासाठी याहून चांगली मोफत सोय नाही. मात्र पहिल्या खंडाच्या पहिल्या पानापासून वाचायला बसणारा माणूस आठवड्याभरात नाद सोडतो. १ आणि २ या खंडांत परिषद भरण्याआधीचा पत्रव्यवहार आणि तारांचा ढीग आहे. तो संशोधकाच्या कामाचा, बाकीच्यांनी खुशाल ओलांडावा.

सुरुवात शेवटून करा, म्हणजे १३ व्या खंडापासून. यात तहनामा कलमवार दिला आहे: १५ भाग, ४४० कलमं. खरी किंमत आहे ती कलमांखालच्या टिपांची. १९१९ मध्ये लिहिलेल्या कलमाचं पुढे काय झालं, हे त्याच जागी वाचायला मिळतं. ४२८ वं कलम ऱ्हाइनकाठ १५ वर्षं ताब्यात ठेवायचं म्हणतं, प्रत्यक्षात शेवटची फौज ३० जून १९३० ला, मुदतीआधीच निघाली. १६० व्या कलमाने जर्मन सैन्य १,००,००० वर आणलं, पण त्यावर नजर ठेवणारा नियंत्रण आयोग जानेवारी १९२७ अखेर उठला. तह कडक होता की सौम्य, या वादात पडण्याआधी हा खंड चाळावा. कलम लिहिणं आणि ते राबवणं यांत किती अंतर पडलं ते दिसतं, आणि वादाचा निम्मा जोर तिथेच ओसरतो.

चाळताना २४६ आणि २४७ या कलमांवर थांबा. २४६ व्या कलमानुसार जर्मनीने पूर्व आफ्रिकेतल्या सुलतान म्क्वावाची कवटी सहा महिन्यांत ब्रिटिश सरकारच्या हवाली करायची होती. ती प्रत्यक्षात परत गेली १९५४ मध्ये. पुढच्याच कलमात बेल्जियममधल्या लूव्हाँच्या जळालेल्या ग्रंथालयाची भरपाई पुस्तकं, हस्तलिखितं आणि नकाशे देऊन करायची अट आहे. ज्याची त्याची मागणी कुठे ना कुठे बसवून द्यायची, या पद्धतीने हा मसुदा फुगला.

त्यानंतर ५ आणि ६ हे खंड घ्या. पॅरिसमध्ये विल्सनच्या निवासस्थानी भरणाऱ्या 'चौघां'च्या, म्हणजे विल्सन (अमेरिका), लॉइड जॉर्ज (ब्रिटन), क्लेमांसो (फ्रान्स) आणि ओर्लांदो (इटली) यांच्या बैठकांची इतिवृत्तं यात आहेत. हा सगळ्या संचाचा गाभा. वाचून पाहायला एकच दिवस निवडायचा तर २२ एप्रिल १९१९ निवडा. सकाळी जपानचे माकिनो आणि चिंदा चीनच्या शांटुंग प्रांतातल्या जर्मन हक्कांवरचा आपला दावा मांडतात. दुपारी चीनचे लू आणि वेलिंग्टन कू येतात. १९१७ मध्ये ब्रिटन आणि फ्रान्स जपानला गुप्तपणे शब्द देऊन बसले आहेत, हे विल्सन त्यांना समजावून सांगतो. लॉइड जॉर्ज सरळ विचारतो: जर्मनीचे हक्क जपानकडे जाणं बरं, की १९१५ चा जपानशी झालेला करार? कू म्हणतात, दोन्ही नकोत. १९१५ चा करार तर धमकीखाली झाला होता. ३० एप्रिलला निर्णय जपानच्या बाजूने लागतो, ४ मे रोजी पेकिंगचे विद्यार्थी रस्त्यावर उतरतात आणि २८ जूनला चीन सहीच करत नाही. खुलेपणाने केलेले खुले करार हा विल्सनच्या चौदा मुद्द्यांतला पहिला मुद्दा होता. त्याची पंचाईत या एका दिवसाच्या इतिवृत्तात जेवढी उघडी पडते तेवढी कुठल्या टीकालेखात पडत नाही.

सहाव्या खंडात जूनमधले दिवस वाचा. तहाच्या मसुद्यावर जर्मनीने २९ मेला दिलेल्या उत्तरानंतर लॉइड जॉर्ज कचरतो, अटी सैल करा म्हणतो, आणि अप्पर सायलेशियात सार्वमत घेण्याची तरतूद त्यातूनच येते. २१ जूनला स्कापा फ्लो इथे जर्मनांनी आपलंच आरमार बुडवलं. २३ जूनच्या सकाळी जर्मनी आणखी ४८ तास मागतो, चौकडी नाही म्हणते आणि तह मान्य करण्याची संध्याकाळी ७ ची मुदत कायम राहते.

आता अडचणी. सर्वांत मोठी अडचण संकेतस्थळाची नाही, मूळ नोंदींचीच आहे. मार्चच्या उत्तरार्धात चौघे स्वतंत्र बसू लागले तेव्हा सुरुवातीचे काही आठवडे चिटणीसच नव्हता. ब्रिटिश चिटणीस हँकी एप्रिलच्या मध्यानंतर नेमाने बसू लागला. त्यामुळे पाचवा खंड मार्च अखेर आणि एप्रिलच्या पूर्वार्धात जवळजवळ कोरा आहे, आणि युद्धखंडणी, सारचं खोरं, ऱ्हाइनकाठ यांवरची खरी ओढाताण नेमकी याच काळातली. दुभाषा पॉल माँतू याने त्या बैठकांत केलेली टिपणं १९५५ मध्ये फ्रेंचमध्ये छापली गेली. ती जोडीला घेतल्याशिवाय हा खंड अर्धाच समजावा. दुसरं असं की हँकी सगळं अप्रत्यक्ष कथनात, सरकारी इस्त्री करून लिहितो. भांडण कडाक्याचं झालं असलं तरी कागदावर 'अमुक यांनी मत व्यक्त केलं' एवढंच उरतं. वंशसमानतेच्या जपानी ठरावावरचं ११ एप्रिलचं मतदानही इथे शोधू नका. ते राष्ट्रसंघाच्या आयोगात झालं होतं, चौघांच्या खोलीत नाही.

शोधाची खुबी एकच: त्या काळचं स्पेलिंग वापरा. 'शानडोंग', 'ग्दान्स्क', 'रियेका' टाकलं तर हाती फारसं लागत नाही. कागदपत्रं इंग्रजीत आहेत, तेव्हा 'Shantung', 'Danzig', 'Fiume', 'Teschen' टाका. निकालांची रांग लागली तर तारखेची मर्यादा घाला. दस्तऐवजाच्या डोक्यावरची खूण ओळखायला शिका: बीसी (BC) म्हणजे दहांचं मंडळ, पाच बड्या देशांचे प्रत्येकी दोन प्रतिनिधी (खंड ३ आणि ४), सीएफ (CF) म्हणजे चौघे, एचडी (HD) म्हणजे बडे नेते परतल्यावर बसलेले शिष्टमंडळांचे प्रमुख (खंड ७ ते ९, १० जानेवारी १९२० पर्यंत). छापील आवृत्तीचे पृष्ठक्रमांक मजकुरातच दिलेले असल्यामुळे प्रबंधात संदर्भ देताना अडत नाही. मोबाइलवर वाचायचं असेल तर ईपब उतरवून घ्या.

हिंदुस्थानचा शोध घेणाऱ्यांनी पाचव्या खंडातली १७ मेची बैठक काढावी. भारतमंत्री माँटेग्यू, बिकानेरचे महाराजा गंगासिंह, लॉर्ड सिन्हा आणि आगा खान चौघांसमोर तुर्कस्तान आणि कॉन्स्टँटिनोपलबद्दल हिंदी मुसलमानांची बाजू मांडतात. लोकमान्य टिळक मात्र या कागदांत बोलताना सापडणार नाहीत. काँग्रेसने डिसेंबर १९१८ मध्ये त्यांना प्रतिनिधी म्हणून निवडलं, पण पॅरिसला जायला सरकारने परवाना दिला नाही. लंडनहून मार्च १९१९ मध्ये त्यांनी क्लेमांसोला पत्र लिहिलं, तेवढंच. तहावर हिंदुस्थानच्या वतीने सह्या माँटेग्यू आणि गंगासिंह यांच्या.

दहाव्या खंडाकडे सहसा कुणी वळत नाही. सर्वोच्च आर्थिक मंडळाची ही इतिवृत्तं रुक्ष आहेत, आकड्यांनी भरलेली आहेत, पण भुकेचं राजकारण इथे आहे. शस्त्रसंधीनंतरही जर्मनीची नाकेबंदी चालूच होती. १४ मार्च १९१९ च्या ब्रुसेल्स करारात जर्मनीने व्यापारी जहाजं द्यायची आणि त्या बदल्यात दरमहा ३,००,००० टन धान्य आणि ७०,००० टन स्निग्ध पदार्थ पैसे मोजून घ्यायचे, असं ठरलं. नाकेबंदी पूर्ण उठली ती जुलैमध्ये, जर्मनीने तह मंजूर केल्यावर. जूनमध्ये जर्मनीने सही का केली, याचं उत्तर सहाव्या खंडात शोधणाऱ्याने हा खंड शेजारी उघडून ठेवावा.