बॅकअप माझा, कुलूप त्यांचं

लॅपटॉप हळू चालायला लागला म्हणून रजिस्ट्री, म्हणजे विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंग्जचा साठा, साफ करणारं एक सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. तपासणी फुकट होती. लाल आकडा भराभर वाढत १,२४७ वर थांबला आणि खाली आलं, ‘संगणक गंभीर धोक्यात’. मी घाबरलो, पैसे भरले. यादी उघडून वाचली असती तर दिसलं असतं की बहुतेक नोंदी केव्हाच काढून टाकलेल्या प्रोग्रॅमच्या होत्या. अशा नोंदींनी संगणक हळू होत नाही. पण ‘आधी पूर्ण बॅकअप घेतला जाईल’ या ठळक ओळीवर मी विसंबलो.

रीस्टार्ट केल्यावर प्रिंटर गायब, हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडेना. ‘पूर्ववत करा’वर क्लिक केलं तर कुलपाचं चिन्ह आलं: ही सोय वरच्या प्लॅनमध्ये. बॅकअपची फाइल त्यांच्याच फॉरमॅटमध्ये, दुसऱ्या कशानेही उघडत नव्हती. माझ्याच सेटिंग्ज मला परत मिळवायला पुन्हा पैसे! ते मी भरले नाहीत.

विंडोज स्वतः रजिस्ट्रीची प्रत ठेवतं असं ऐकून होतो. ‘रेगबॅक’ फोल्डर उघडला. फाइली होत्या, पण प्रत्येकीचा आकार शून्य. विंडोज १० च्या १८०३ आवृत्तीपासून ही प्रत आपोआप घेतली जात नाही, हे तेव्हा कळलं. विंडोजची आधीची स्थिती जपून ठेवणारं सिस्टीम प्रोटेक्शनही बंद होतं, म्हणजे जिथे परत जाता येईल असा एकही रिस्टोर पॉइंट नाही. शेवटी विंडोज नव्याने टाकावं लागलं. माझ्या फाइली परत ठेवण्याआधी तीच फुकट तपासणी मुद्दाम चालवून पाहिली. कोऱ्या विंडोजवरही शेकडो चुका! तो आकडा फक्त घाबरवायला होता, अशी तिथे माझी खात्री पटली. मग ते पुसून विंडोज पुन्हा टाकलं.

तुम्ही आजच सिस्टीम प्रोटेक्शन चालू आहे का ते बघा, आणि कुठलाही बदल करण्याआधी रिस्टोर पॉइंट स्वतः तयार करा. रजिस्ट्रीतली एखादी की (नोंदींचा गट) बदलायची असेल तर विंडोजच्या रजिस्ट्री एडिटरमधून तेवढीच एक्स्पोर्ट करून वेगळ्या फाइलीत ठेवा. मात्र ती फाइल परत चालवली की जुन्या सेटिंग्ज परत येतात, मधल्या काळात भर पडलेल्या नोंदी तशाच राहतात. म्हणून निव्वळ तिच्यावर भिस्त ठेवू नका. रिस्टोर पॉइंट तुमचे फोटो, कागदपत्रं परत आणत नाही, त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर हवी. बिटलॉकर (डिस्कवरची माहिती कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. संगणक सुरूच झाला नाही तर दुरुस्तीच्या वेळी ती मागितली जाऊ शकते, आणि त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलेली की तेव्हा हाताशी नसते.

त्या सॉफ्टवेअरने माझ्या कार्डावर दरवर्षीचं आपोआप नूतनीकरणही लावून ठेवलं होतं. खरेदीच्या पानावर त्याच्या संमतीची खूण आधीपासूनच केलेली होती. बँकेला सांगून ते बंद करून घेतलं. भरलेले पैसे अजून परत आलेले नाहीत.