घरच्या घरी करुणा-शिबिर: बैठक, घंटा, ऑडिओ… पैसे कशावर घालावेत?

घरी दोन दिवसांचं मैत्री-करुणेचं शिबिर, म्हणजे सगळ्यांचं भलं आणि दुःखितांची सुटका चिंतायचं बौद्ध ध्यान, करायचं ठरलं की माणूस साधारण चार गोष्टी विकत घेतो: बसायची गोल बैठक, घंटेचा टायमर, घंटेसारखा वाजवायचा पितळी वाडगा आणि मार्गदर्शनाचे ऑडिओ. घेण्याचा क्रम मात्र बहुतेकांचा उलटा असतो. ऑडिओचं वर्षाचं सबस्क्रिप्शन आधी, बैठक सगळ्यात शेवटी, आणि तीही सोफ्यावरची उशी उचलून. या चारही गोष्टींचं हे परीक्षण नागपूरचं घर, इथलं ऊन आणि इथला कूलर धरून केलेलं आहे.

आधी एक खुलासा. विपश्यनेचं पहिलं शिबिर घरी करायचं नसतं. ते दहा दिवस केंद्रातच काढायचे असतात. नागपूरकरांसाठी माहुरझरीचं धम्म नाग आहे, आणि तिथे मैत्री शिकवली जाते ती दहाव्या दिवशी. त्रिरत्न बौद्ध महासंघाच्या वर्गांमधून पाच टप्प्यांची मैत्री भावना (आधी स्वतः, मग मित्र, तटस्थ व्यक्ती, कठीण व्यक्ती आणि शेवटी सगळे जीव) शिकलेल्यांना, किंवा विहारात नियमित बसणाऱ्यांना, घरचं शिबिर जास्त जमतं. अगदीच नवख्या माणसानं दोन दिवसांऐवजी एका रविवारची सकाळ धरावी.

आता बैठक. तयार गोल बैठका फोमच्या, साध्या कापसाच्या रुईच्या किंवा सावरीच्या कापसाच्या असतात. फोमची दुकानात सगळ्यात आरामशीर वाटते, आणि फसगत तिथेच होते. वजन पडलं की फोम दबतो, अंग डुलू लागतं, ते सावरण्यात कंबर सारखी राबत राहते आणि अर्ध्या तासात पाठ भरून येते. रुई पहिल्या दिवशी छान, मग बसून बसून तिचा दगड होतो. बकव्हीटच्या (कुट्टूच्या) टरफलांची बैठक ऑनलाइन मिळते आणि अंगाचा आकार चांगला धरते, पण प्रत्येक हालचालीला खसखस आवाज करते; खोलीत दोघं बसणार असतील तर नको. सावर हलकी, लवचीक आणि आवाज न करणारी. तीच घ्यावी.

तयार बैठकीपेक्षा गादीवाल्याकडून शिवून घेतलेली सरस ठरते, फक्त मापं कागदावर लिहून द्यावी लागतात. व्यास 13 ते 14 इंच, भरल्यावर उंची 6 इंच; बसल्यावर ती 5 वर येते. कडेच्या पट्टीला चुण्या हव्यात, म्हणजे ती फुगून राहते. आतली खोळ मांजरपाटाची, वरचं कव्हर जाड खादीचं आणि चेन लावलेलं. सावर दीड किलोच्या आसपास लागते आणि ती ठासून भरावी लागते. गादीवाले हमखास उशीच्या हातानं सैल भरतात, तेव्हा समोर उभं राहून भरून घ्या. चेन आतल्या खोळीलाही लावून घेतली तर वर्षभरानं सावर दबल्यावर मूठ-दोन मूठ वाढवता येते. खादी गांधीबागेतून घेऊन दिली तर काम स्वस्तात होतं.

घेताना पाहायचं एवढंच: मांडी घातल्यावर दोन्ही गुडघे खाली टेकतात का? टेकत नसतील तर उंची कमी पडते आहे, किंवा गुडघ्यांखाली टॉवेलची घडी हवी. कंबर मागे गोल होत असेल तरीही उंची कमीच. अंग पुढे घसरत असेल आणि गुडघे दुखत असतील तर ती जास्त आहे. पाय बधिर होण्याचं कारण बहुतेकदा बैठकीच्या मधोमध बसणं हे असतं. मांडीखालची नस दबते. पुढच्या एक तृतीयांश भागावर बसावं. खाली 28 इंच चौरस, 2 इंच जाडीची पातळ गादी हवीच. नुसत्या सतरंजीवर फरशी घोट्यांना टोचते. गुडघ्यांची तक्रार असेल त्यांनी 7 ते 8 इंच उंचीचा, पुढे किंचित उतरता लाकडी बाक घ्यावा, नाहीतर सरळ खुर्ची. खुर्चीला कमीपणा मानणारे लोक दुसऱ्या दिवशी लंगडत असतात.

टायमरसाठी पैसे घालायची गरज नाही. इन्साइट टायमर या ॲपच्या फुकट भागातच सुरुवातीची, मधली आणि शेवटची घंटा लावता येते, आणि करुणेच्या बैठकीला खरी किंमत या मधल्या घंटांची आहे. 45 मिनिटं असतील तर दर 9 मिनिटांनी एक घंटा लावा, पाच टप्पे आपोआप पडतात आणि घड्याळाकडे डोळा जात नाही. आदल्या रात्री एक मिनिटाचा टायमर लावून फोन लॉक करून ऐकून घ्या. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत बॅटरी वाचवायची सेटिंग मागे चाललेलं ॲप बंद करते, काहींत डू नॉट डिस्टर्बमध्ये घंटाही गप्प होते. तिसऱ्या टप्प्यात अडकून तासभर बसलेला माणूस ‘फार खोल गेलो’ असं समजतो, फोन नुसता झोपलेला असतो.

पितळी वाडगा एकट्यासाठी शोभेचा. दोघं-तिघं बसणार असाल आणि एकजण वेळ सांभाळणार असेल तर घ्यावा. घेताना गादीच्या तुकड्यावर ठेवून कापड गुंडाळलेल्या दांडीनं एकदाच वाजवा. नाद मध्येच खरखरला तर भांड्याला चीर असू शकते. अगरबत्ती बंद खोलीत नकोच.

राहिले ऑडिओ. या बाजारात सगळ्यात जास्त माल आणि सगळ्यात कमी उपयोग इथे आहे. पहिली खोट शांततेची. ‘मी सुखी असो’ हे म्हटल्यावर ते मनात उतरायला दोन-तीन श्वास तरी लागतात. बहुतेक रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्यात तीन वाक्यं येऊन जातात. दोन वाक्यांमध्ये वीस-तीस सेकंदांची जागा नसेल तर तो ऑडिओ ऐकण्याचा आहे, भावनेचा नाही. दुसरी खोट संगीताची: बासरी थांबली की मैत्रीही ओसरते. यूट्यूबवरचं फुकट ध्यान लावणार असाल तर शत्रूच्या टप्प्यावर मध्येच जाहिरात येऊ शकते याची तयारी ठेवा.

तिसरी खोट सगळ्यात महाग पडते. तासाभरात साऱ्या जगाला कवेत घ्यायच्या घाईत ही रेकॉर्डिंग पहिल्याच बैठकीत ‘ज्यानं तुम्हाला सर्वांत जास्त दुखावलं’ त्याला समोर आणतात. पाचव्या शतकातले बौद्ध भाष्यकार बुद्धघोष यांनी याबाबत क्रम आणि पथ्य दोन्ही सांगून ठेवलंय. मैत्री स्वतःपासून सुरू करायची, मग आदर वाटतो अशी व्यक्ती, मग जिवलग मित्र, मग तटस्थ, मग वैरी. मृत व्यक्ती घ्यायची नाही, जिच्याबद्दल आकर्षण वाटतं तीही नाही. कारण व्यवहारी आहे: पहिल्यात ध्यान पुढे सरकत नाही, दुसऱ्यात मन आसक्तीकडे वळतं, आणि आसक्ती मैत्रीसारखीच दिसते. म्हणून पहिल्या दिवशी आई-मुलांपेक्षा शाळेतले एखादे गुरुजी बरे. कठीण व्यक्ती दुसऱ्या दिवशी दुपारनंतर, आणि तीही फाटकासमोर गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याच्या पातळीची. भाऊबंदकीतला कोर्टकज्जा पहिल्या शिबिरात आणू नये.

करुणेचा क्रम वेगळा आहे, हे तर बहुतेक ऑडिओवाल्यांच्या गावीही नसतं. तिथे सुरुवात दुःखात असलेल्या माणसापासून होते. म्हणजे पहिल्या दिवशी मैत्री घट्ट करायची आणि करुणा दुसऱ्या दिवशी सकाळी, दोन बैठका. वाक्य एकच पुरतं: ‘या दुःखातून त्याची सुटका होवो.’ छाती जड झाली, रडू दाटलं, आता काही होणार नाही असं वाटू लागलं, तर करुणा घसरून शोकावर आलेली असते. अशा वेळी वाक्य सोडून दहा मिनिटं चालावं आणि पुढची बैठक पुन्हा मैत्रीची घ्यावी. जोर लावून त्याच माणसावर बसून राहिलं की रात्रीची झोप जाते. तटस्थ व्यक्तीच्या टप्प्यावर उलट डुलकी लागते, विशेषतः जेवणानंतर. दूधवाला, चौकातला ऑटोवाला असा चेहरा आठवणारा माणूस घ्यावा, आणि डोळे अर्धे उघडे ठेवावेत.

घरात मराठी बोलणाऱ्यांसाठी सोपा उपाय असा: चार वाक्यं स्वतःच्या आवाजात, मोकळ्या जागा सोडून फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. ‘सब्बे सत्ता सुखी होन्तु’ (सगळे जीव सुखी होवोत) शेवटच्या टप्प्याला पुरेसं आहे. विहारात कानावर पडलेलं असतं, वेगळं शिकावं लागत नाही.

वेळापत्रक नागपूरच्या हवेवर ठरवा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. मे महिन्यात दुपारी दोन ते पाच बैठक ठेवू नका. कूलर बंद केला तर घामानं चित्त लागत नाही, चालू ठेवला तर पंपाच्या घरघरीत घंटा ऐकू येत नाही. त्या दिवसांत पहाटे साडेचार ते आठ आणि रात्री सात ते साडेनऊ एवढंच धरावं. अष्टशील, म्हणजे बौद्ध उपासकांचे आठ नियम, पाळत असाल तर जेवण बाराच्या आत आटपायचं. वरण-भात, भाकरी, एखादी भाजी, आणि तर्री त्या दोन दिवसांपुरती विसरायची. संध्याकाळी लिंबूपाणी. 45 मिनिटं बैठक, 30 मिनिटं चालणं हे प्रमाण ठेवा. चालायला गच्ची किंवा पंधरा पावलांचा बोळ पुरतो. दूध, पाण्याची वेळ, सिलिंडर, दाराची बेल हे घरातल्या एकाकडे आधीच सोपवून ठेवा, नाहीतर मौन पहिल्या सकाळीच मोडतं.

नुकताच घरात मृत्यू झालेला असेल, किंवा नैराश्यावर औषधं चालू असतील, तर एकट्यानं दोन दिवस मौनात बसू नका. डॉक्टरांना विचारून तासाभराची बैठक घ्या, तीही कुणाच्या सोबतीनं, शक्यतो विहारात.

हिशेब करायचा तर पैसे बैठक आणि खालच्या गादीवर घाला, टायमर फुकटचा वापरा, वाडगा सोबती मिळाल्यावर घ्या. ऑडिओचं सबस्क्रिप्शन घ्यायचंच असेल तर चाचणीच्या मुदतीत एकच रेकॉर्डिंग घड्याळ लावून ऐका आणि त्यातली न बोललेली सेकंदं मोजा.