शिडी विचारावी की देश?

लोकांचं कसं चाललंय, हे जगभर दोन तऱ्हांनी विचारतात. गॅलप ही सर्वेक्षण संस्था शिडी पुढे करते: ० ते १० पायऱ्या, तुमचं आयुष्य कितव्या पायरीवर? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ हॅडली कँट्रिल यांची ही १९६५ ची कल्पना. जागतिक आनंद अहवालात देशांचे क्रमांक याच उत्तरांवर लागतात. २०१८ ते २०२५ सलग फिनलंड पहिला. प्यू ही अमेरिकी संशोधन संस्था मात्र थेट विचारते, देशात जे चाललंय त्यावर समाधानी आहात का?

देशांची तुलना करायला शिडी सोपी. पण आमच्या बेळगाव-खानापूरकडे ती थिटी पडते. खानापूरचे आमचे काका सातवी पायरी सांगतील. भात चांगलं झालं, मुलगी शिकली. तेच काका १ नोव्हेंबरला काळा दिवस पाळतात, कारण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेची सल अजून गेलेली नाही. ही सल सातच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून मला प्यूचा प्रश्न जवळचा वाटतो, जरी त्यातही अडचण आहेच: काका आधी विचारतील, “देशाचं विचारतोस बाळा, की राज्याचं?”