उन्हाळ्यात स्विमिंग पूल झाकावा की चालू ठेवावा?

जांबोटी रोडच्या फार्महाऊसवाल्या दाजींचा प्रश्न: यंदा मे महिन्यात पोहायला कुणी नाही, मग पूल बंद ठेवू का?

खर्चात झाकलेला पूल जिंकतो. वीज, क्लोरीन वाचतं, पाण्याची वाफ कमी होते. टँकर मागवायच्या दिवसांत हे थोडं नाही. पण ताडपत्री उजेड अडवणारी हवी. पारदर्शक निळ्या बबल शीटखाली पाणी तापतं, क्लोरीन संपतं, शेवाळ धरतं. वळीव झाला की वर डबकं साचतं आणि आठवड्याभरात डास! ते उपसायला माणूस लागतोच.

चालू पुलाला रोज पंप, पीएच ७.२ ते ७.६ राखणं, जाळी साफ करणं. मेहनत जास्त, पण हिरवं पाणी निवळायचा ताप नाही.

रिकामा मात्र करू नका. पावसाळ्यात जमिनीतलं पाणी रिकामी टाकी उचलू शकतं.

गडी तिथंच राहत असेल नि सुट्टीत नातवंडं येणार असतील तर चालू ठेवा. दाजींसारखं महिनोन्महिने कुणी येणार नसेल तर जाड ताडपत्री, आणि आठवड्याला एक चक्कर.