फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू : घरच्या स्टुडिओतील जोडणीच्या दृष्टीने परीक्षण

परभणीत घरातल्याच एका खोलीत अभंग, गवळणी आणि नाथांची भारुडे ध्वनिमुद्रित करण्यासाठी मी फोकसराइटचा स्कार्लेट टू-आय-टू हा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइकचा आवाज संगणकात नेणारे यंत्र, वापरतो. माझ्याकडे २०१९ मध्ये आलेली तिसरी आवृत्ती आहे. या यंत्राचा आवाज चांगला आहे, हे अनेकांनी लिहिले आहे आणि ते खरेच आहे. परंतु आपल्या भागात ते घेणाऱ्या बहुतेकांचे घोडे अडते ते जोडणीपाशी. म्हणून हे परीक्षण मी जोडणीपुरतेच ठेवतो.

यंत्राच्या पुढच्या बाजूला दोन इनपुट आहेत आणि प्रत्येकात दोन प्रकारच्या पिना बसतात. भोवतालच्या तीन छिद्रांत माइकची कॅनन पिन बसते आणि मधल्या मोठ्या छिद्रात ६.३५ मिलिमीटरची पिन, जिला आपल्याकडचे साउंडवाले पी-३८ म्हणतात. बाहेरून जागा एकच दिसत असली तरी आतल्या वाटा वेगळ्या आहेत : कॅननमधून आलेला संकेत माइकचा समजून भरपूर वाढवला जातो, तर मधल्या छिद्रातून आलेला संकेत लाइनचा, म्हणजे मिक्सर-कीबोर्डसारख्या यंत्राचा, किंवा वाद्याचा धरला जातो. आता मंडपातल्या अ‍ॅम्प्लिफायरसाठी एका टोकाला कॅनन आणि दुसऱ्या टोकाला पी-३८ असलेली माइकची वायर साउंडच्या कोणत्याही दुकानात मिळते, भजनी मंडळांकडे बहुधा तीच असते आणि साहजिकच तीच या यंत्रालाही लावली जाते. मग गेनचे, म्हणजे आत येणारा संकेत वाढवण्याचे, बटण शेवटपर्यंत फिरवूनही आवाज अगदी क्षीण येतो. कंडेन्सर माइक तर मुकाच राहतो, कारण त्याला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा केवळ कॅननच्या वाटेने मिळतो. यात यंत्राचा काहीही दोष नसतो. दोन्ही टोकांना कॅनन असलेली वायर घेतली, किंवा जवळच्या साउंडवाल्याकडून तशी डाग देऊन करून घेतली, की प्रश्न सुटतो. २०२३ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत माइकच्या दोन्ही कॅनन जागा मागे नेल्या असून पी-३८ च्या जागा पुढेच ठेवल्या आहेत. हा बदल मला फार योग्य वाटतो, कारण त्यामुळे गोंधळाचे मूळच नाहीसे होते.

तिसऱ्या आवृत्तीत फँटमचे बटण दोन्ही इनपुटांसाठी एकच आहे. गायकाला डायनॅमिक, म्हणजे फँटम न लागणारा, माइक आणि पेटीला कंडेन्सर अशी मांडणी असली तरी चिंता नाही. नीट जोडलेल्या डायनॅमिक माइकला ४८ व्होल्टमुळे अपाय होत नाही. मात्र एखाद्या मिक्सरचे आउटपुट कॅननने जोडले असेल तर फँटम बंदच ठेवावे, आणि ते चालू-बंद करताना स्पीकर व हेडफोनचा आवाज शून्यावर आणावा. इन्स्टचे बटण गिटारसाठी किंवा वाद्याला चिकटवलेल्या साध्या पिकअपसाठी आहे. कीबोर्डला त्याची गरज नसते.

सर्वांत जास्त लोक फसतात ते मोबाइल जोडताना. तानपुऱ्याचे अ‍ॅप किंवा कराओकेचा ट्रॅक यंत्रात घ्यायचा म्हणून एका टोकाला ईपी, म्हणजे मोबाइलच्या हेडफोनची ३.५ मिलिमीटरची बारीक पिन, आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-३८ अशी वायर आणली जाते. ती पिन व्यवस्थित बसते, दिवा हिरवा होतो, पण गाणे विहिरीच्या तळातून आल्यासारखे ऐकू येते. याचे कारण असे की हे इनपुट बॅलन्स्ड आहे : पिनेच्या टोकावरचा आणि कड्यावरचा संकेत यांतील फरक तेवढा ते पुढे पाठवते. मोबाइल मात्र त्याच दोन जागांवर डावा आणि उजवा आवाज देतो, आणि गायकाचा गळा, ढोलकी, बेस अशा ज्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्या असतात त्या एकमेकींतून वजा होऊन उरतो तो केवळ आजूबाजूचा घुमारा. अ‍ॅप दोन्ही बाजूंना एकच आवाज देत असेल, तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. त्यासाठी एका ईपीतून दोन मोनो पी-३८ निघणारी वायर घ्यावी, डावी पिन पहिल्या इनपुटला आणि उजवी दुसऱ्याला लावावी आणि इन्स्ट बंद ठेवावे. ही वायर स्वस्त असते, परंतु दुकानदाराला मोनो असे स्पष्ट सांगावे लागते, नाहीतर तो हाताला येईल ती देतो.

यंत्र संगणकाच्या यूएसबीवरच चालते, वेगळा अ‍ॅडॉप्टर लागत नाही. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसल्यामुळे हा गुण मी फार मोठा मानतो. लॅपटॉपची बॅटरी भरलेली असेल तर वीज गेली तरी ध्वनिमुद्रण खंडित होत नाही; स्पीकर बंद पडतात, हेडफोन चालू राहतो. यंत्र थेट लॅपटॉपला लावावे, मध्ये साधा यूएसबी हब घालू नये.

गुणगुणीचा विषय याच्याशीच निगडित आहे. लॅपटॉपचा चार्जर काढताच स्पीकरमधली घरघर थांबत असेल, तर दोष अर्थिंगमध्ये किंवा वायरींमध्ये शोधावा. मागच्या दोन आउटपुटांपासून पॉवर्ड स्पीकरपर्यंत स्टिरिओ पी-३८ च्या, म्हणजे बॅलन्स्ड वायरी न्याव्यात आणि लॅपटॉप व स्पीकर एकाच बोर्डावरून चालवावेत. आपल्याकडची काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळेपर्यंत सुकते आणि माती सुकली की अर्थिंगचा रोध वाढतो, म्हणून चैत्र-वैशाखात अर्थिंगच्या खड्ड्यात नेमाने पाणी घालणे हे ध्वनिमुद्रण करणाऱ्याचेही काम आहे. घरघर जावी म्हणून तीन पिनांच्या प्लगमधली अर्थिंगची पिन तोडण्याचा सल्ला काही जण देतात. तो जिवावर बेतणारा आहे, तो कोणीही ऐकू नये.

गाताना स्वतःचा आवाज मागाहून येत असेल तर यंत्रावरचे डायरेक्ट मॉनिटर, म्हणजे माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारे बटण, चालू करावे आणि सॉफ्टवेअरमधले त्या ट्रॅकचे मॉनिटरिंग बंद करावे. दोन्ही चालू राहिल्यास आवाज दुहेरी येतो. विंडोजवर कंपनीचा एएसआयओ ड्रायव्हर, म्हणजे यंत्र आणि संगणक यांना जोडणारे सॉफ्टवेअर, टाकणे आवश्यक आहे. हेडफोनची जागा एकच असल्यामुळे गायक आणि ध्वनिमुद्रण करणारा या दोघांसाठी स्प्लिटर लागतो. एअर हे बटण वरच्या पट्टीतील स्वर उजळ करते. जाड, घोगऱ्या आवाजाला ते शोभते, परंतु पेटीच्या सुरांना त्याने कर्कशपणा येतो, म्हणून पेटीवर मी ते बंदच ठेवतो. गेनची कमाल ५६ डेसिबल आहे. खुल्या गळ्याच्या कीर्तनकाराला ती पुरते, पण हळू बोलणाऱ्याचा आवाज शूर एसएम-७-बी सारख्या माइकवर घ्यायचा असेल तर कमी पडते. अशा कामासाठी ६९ डेसिबलपर्यंत जाणारी चौथी आवृत्ती घ्यावी.

एक गायक आणि एक पेटी, किंवा एक गायक आणि मोबाइलवरचा तानपुरा एका बाजूने, एवढ्यासाठी हे यंत्र मी निःशंकपणे सुचवेन. पखवाजासह भजन एकाच बैठकीत घ्यायचे असेल तर मात्र ते अपुरे आहे. शाईच्या बाजूला एक माइक, कणीक लावलेल्या बाजूला दुसरा, शिवाय गायक आणि पेटी, असे किमान चार माइक होतात. अशा वेळी नावातला चार पाहून तिसऱ्या आवृत्तीतला फोर-आय-फोर घेण्याकडे कल होतो, परंतु त्यातही माइकची इनपुटे दोनच आहेत आणि उरलेली दोन लाइनची आहेत. चार माइकांसाठी त्याच मालिकेतला एटीन-आय-एट पाहावा.